चर्च घेताय तर आधी बेसमेंट बघा: आमच्या व्हिलेजच्या वॉकथ्रू आणि पब्लिक हिअरिंगचा रिव्ह्यू

एकूण रेटिंग ५ पैकी ३. वॉकथ्रूला ४, रिपोर्टला २, हिअरिंगला ३. लांबलचक लिहिलंय, पण विषयच तसा आहे आणि अर्धवट लिहून उपयोग नाही.

तर झालंय असं की आमच्या व्हिलेज बोर्डाने मेन स्ट्रीटच्या टोकाचं जुनं प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्च आणि त्याच्या भोवतीची हिरवळ विकत घ्यायचं मनावर घेतलंय, अजून ठराव झालेला नाही, विचार चालू आहे. त्यासाठी आधी लोकांना आत फिरवून आणलं, मग एका कन्सल्टंटचा रिपोर्ट आला, मग दोन हिअरिंग म्हणजे जाहीर सुनावण्या झाल्या. मी सगळीकडे हजर होते. आपण हॉटेलचे रिव्ह्यू लिहितो, प्लंबरचे लिहितो, मग ज्या व्हिलेज हॉलला दरवर्षी टॅक्स भरतो त्यांनी एवढ्या मोठ्या खरेदीच्या आधी आपल्याला कशी सर्व्हिस दिली हे का नाही लिहायचं? गावाचं नाव देत नाहीये, हडसन नदीच्या काठाला अशी कितीतरी गावं आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

नवीन लोकांसाठी एक खुलासा. न्यूयॉर्क राज्यात 'व्हिलेज' म्हणजे नुसतं खेडं नाही, ती कायद्याने स्वतंत्र नोंदलेली संस्था असते, राज्यात अशी ५०० च्या वर आहेत. मेयर असतो, ट्रस्टी म्हणजे बोर्डाचे निवडून आलेले सदस्य असतात, स्वतःचं झोनिंग म्हणजे कुठे काय बांधता येईल याचे नियम असतात, स्वतःचा वेगळा टॅक्स असतो. आपली ग्रामपंचायत आणि सरपंच डोळ्यापुढे आणा म्हणजे साधारण अंदाज येईल.

आणि माझा संबंध काय तेही सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमची मराठी शाळा सहा वर्षं याच चर्चच्या बेसमेंटमध्ये भरते, दर रविवारी दुपारी, त्यांची प्रार्थना उरकून कॉफी संपली की आम्ही जातो. माझी मुलगी बाराखडी तिथेच शिकली, त्याआधी नर्सरीलाही तिथेच होती. त्यामुळे मी तटस्थ नाही.

वॉकथ्रू

शनिवारी सकाळी दहा-दहा जणांचे ग्रुप करून नेलं. दाखवायला व्हिलेजचा बिल्डिंग इन्स्पेक्टर स्वतः होता आणि खरं सांगते, या माणसाने काहीही लपवलं नाही, म्हणूनच चार स्टार. छपरावर स्लेट आहे, ती चांगली असेल तर शंभर वर्षं सहज जाते, पण ती धरून ठेवणारे खिळे आणि वळचणीचे पत्रे आधी जातात आणि पाणी तिथून शिरतं, हे त्याने खाली उभं राहून हाताने दाखवलं. मग वर माळ्यावर नेलं. तिथे दोन बादल्या ठेवल्यात आणि प्रत्येक बादलीवर मार्करने तारखा लिहिल्यात, कधी रिकामी केली त्याच्या, एकाखाली एक, सगळं एकाच हस्ताक्षरात. त्या तारखा बघून माझ्या पोटात कालवलं, कारण ते अक्षर मी ओळखते, ते पुढे सांगते.

रंगीत काचांच्या खिडक्या समोरून सुंदरच दिसतात, पण त्याने आम्हाला भिंतीला खेटून एका बाजूने बघायला लावलं तेव्हा दिसलं की मधली मोठी खिडकी पोटाला फुगल्यासारखी बाहेर आली आहे. काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या साधारण शतकभरात थकतात म्हणे, मग काचेचं वजन खाली उतरायला लागतं. बॉयलरच्या पाइपांवर अॅस्बेस्टॉसचं वेष्टण आहे. घरांसाठी शिशाच्या रंगावर इथे १९७८ मध्ये बंदी आली, आणि ही इमारत त्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे रंगाच्या खालच्या थरांत शिसं असणार हे धरूनच चालायचं. हिरवळीच्या खाली जुनी तेलाची टाकी पुरलेली असू शकते, ती शोधायला वेगळी तपासणी लागेल. हे सगळं त्याने विकत घ्यायच्या आधी, न विचारता सांगितलं. घर घेताना मला एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मग पाचवा स्टार का कापला? बेसमेंटमुळे. वरचा मोठा हॉल, घंटेचा दोर, ऑर्गन, माळा, सगळं झालं आणि बेसमेंटच्या दाराशी आल्यावर "वेळ संपली, पुढचा ग्रुप थांबलाय" म्हणून जिन्याच्या वरूनच दिव्याचं बटण दाबून "खाली हॉल आणि किचन आहे" एवढं सांगितलं आणि बटण बंद. माझ्या ग्रुपमधल्या दहापैकी सहा जण आयुष्यात कधी खाली उतरले नव्हते, मी विचारलं ना सगळ्यांना. ती माणसं घंटा बघून घरी गेली आणि हिअरिंगला येऊन घंटेबद्दलच बोलली.

बेसमेंट, जे दाखवलं नाही

म्हणून मी दाखवते. गुरुवारी तिथे फूड पँट्री असते, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-किराणा, संध्याकाळी बाहेर रांग लागते. आठवड्यातून दोन रात्री दारू सोडलेल्यांची मीटिंग असते, म्हणून मागच्या दाराचा दिवा रात्री चालू ठेवतात आणि पुढचा बंद, कुणी बघू नये म्हणून. सकाळी नर्सरी. स्काउटची मुलं. नोव्हेंबरात मतदान. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं आणि वीज गेली तेव्हा लोक तिथे जमून गॅसवर सूप करत होते, एका जनरेटरवर फोन चार्ज करत होते, मी तेव्हा इथे नव्हते पण हे इतक्या जणांकडून ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं.

हे सगळं सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, चर्चच्या जुन्या मेंबर, ऐंशीच्या पुढच्या. बादल्यांवरचं अक्षर त्यांचं. आमच्या शाळेतली मुलं त्यांना आजी म्हणतात, पहिल्यांदा एका पोराने म्हटलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला आणि तेव्हापासून त्या स्वतःच फोनवर "आजी बोलतेय" म्हणतात. किचनमध्ये प्रत्येक ड्रॉवरवर त्यांनी मास्किंग टेप लावून नावं लिहिलीत, नर्सरी, पँट्री, स्काउट, कॉफी, हे सगळं इंग्रजीत, आणि खालच्या एका ड्रॉवरवर देवनागरीत 'शाळा'. आमच्या फळ्यावरून बघून बघून काढलंय त्यांनी ते. ळ म्हणजे दोन गोळे काढून मध्ये जोडलेत आणि वरची रेघ फूटपट्टी लावून मारली आहे. आम्ही ती टेप कधीच बदलली नाही, कडा सुटल्या तर वरून पारदर्शक टेप लावतो.

आता मला सांगा, गावाचं कॅरेक्टर जपायचं म्हणून आपण हे चर्च घेतोय ना, मग ते कॅरेक्टर शिखरात आहे की त्या ड्रॉवरांत? मला तरी वाटतं शिखर सगळ्यांना दिसतं म्हणून त्याच्याबद्दल बोलणं सोपं जातं, आणि खाली काय चालतं ते ज्यांना गरज पडली त्यांनाच माहीत असतं.

विकावं का लागतंय

रविवारी आता वीस-पंचवीस माणसं येतात, बहुतेक म्हातारी. हे फक्त आमच्याकडे नाही. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९९९ मध्ये अमेरिकेतले ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्च, सिनेगॉग किंवा मशिदीचे मेंबर होते, २०२० मध्ये तो आकडा ४७ टक्क्यांवर आला, पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. माणसं कमी झाली तरी छप्पर तेवढंच मोठं राहतं, बॉयलर तेवढंच तेल पितो.

हिअरिंगला एक तक्रार परत परत आली की इतकी वर्षं चर्चला प्रॉपर्टी टॅक्स माफ होता, मग आता त्यांनी गावाला स्वस्तात द्यायला काय हरकत आहे. ऐकायला बरोबर वाटतं पण तसं करता येत नाही. प्रेस्बिटेरियन चर्चची इमारत त्या एका मंडळीच्या एकटीच्या मर्जीची नसते, वरच्या प्रेस्बिटरीची, म्हणजे त्या भागातल्या चर्चांवरच्या मंडळाची परवानगी लागते, शिवाय न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे धार्मिक संस्थेला जागा विकायची तर कोर्टाची किंवा राज्याच्या अॅटर्नी जनरलची मंजुरी घ्यावी लागते आणि तिथे व्यवहार संस्थेच्या हिताचा आहे का ते बघतात. म्हणजे मन मोठं करून मातीमोल भावाने देऊन टाकलं असं होत नाही. हे व्हिलेजने पहिल्याच पाच मिनिटांत स्टेजवरून सांगायला हवं होतं, अर्धा तास वाचला असता आणि समोर बसलेल्या त्या वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांना लोभी असल्यासारखं ऐकून घ्यावं लागलं नसतं. आजी दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही, मला ते बघवत नव्हतं.

रिपोर्ट (२ स्टार, तेही फोटोंसाठी)

पहिली गोष्ट, तो वेबसाइटवर हिअरिंगच्या आदल्या रात्री उशिरा चढवला. राज्याच्या ओपन मीटिंग्ज लॉमध्ये आता स्पष्ट आहे की मीटिंगमध्ये चर्चेला येणारी कागदपत्रं शक्य असेल तर किमान २४ तास आधी लोकांसमोर ठेवायची. दिवसभर काम करून, मुलांना जेवू घालून, झोपवून मग रात्री एवढा जाडजूड रिपोर्ट कोण वाचणार? मी वाचला, पण मी रात्री दीडपर्यंत जागले म्हणून.

दुसरी गोष्ट, दर्शनी भागाचे पानभर फोटो आहेत, शिखराचे, दाराच्या कमानीचे, खिडक्यांचे, आणि बेसमेंटवर एक ओळ: सभेची जागा, किचन, स्टोरेज. बस्स. पँट्रीचं नाव नाही, नर्सरीचं नाही, मतदानाचं नाही. जे लोक तिथे आठवडाभर येतात त्यांना कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आणि याबद्दल मी बोर्डाला मेलही केला आहे. अपंगांच्या हक्कांचा जो १९९० चा केंद्राचा कायदा आहे, एडीए, त्याच्या दुकानं-हॉटेलं अशा खाजगी जागांसाठीच्या नियमांतून चर्चसारख्या धार्मिक संस्थांना सूट आहे. म्हणून आजवर बेसमेंटला रॅम्प नाही, लिफ्ट नाही, चौदा पायऱ्या आहेत आणि ते चालून गेलं. पण ज्या दिवशी व्हिलेज मालक होईल त्या दिवसापासून ती सरकारी जागा, आणि सरकारी संस्थांना त्याच कायद्याचा दुसरा भाग लागू होतो, तिथे चर्चवाली सूट नाही. म्हणजे तिथे चालणारे कार्यक्रम व्हीलचेअरवाल्या माणसालाही गाठता आले पाहिजेत. लिफ्ट टाकायची तर जुन्या दगडी पायात खणावं लागणार, तो खर्च छपराच्या खर्चाच्या जोडीला येणार, आणि रिपोर्टमध्ये त्याचा हिशोबच नाही!

हा मुद्दा मला कागदावरून सुचलेला नाही. मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला एका मुलाचे आजोबा आले होते, भारतातून आले होते दोन महिन्यांसाठी, अर्धांगवायू झालेला, नातू नाटकात मावळा होता. चार बाबा लोकांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. प्रत्येक पायरीला ते "सावकाश रे, सावकाश" म्हणत होते आणि खाली टेकल्यावर चौघांचेही हात धरून त्यांनी डोळे पुसले, आणि म्हणाले, "तुम्हाला फार त्रास दिला रे पोरांनो." तेव्हापासून मला ते वाक्य टोचतं. ज्या माणसाने नातवाचं नाटक बघायचं त्याला माफी मागायची वेळ येऊ नये. व्हिलेजने चर्च घेतलं तर ती येणार नाही, आणि माझ्या मते खरेदीच्या बाजूने हे सगळ्यात मोठं कारण आहे, जे कुणीही मांडलं नाही.

पैशाचं

लोकांना वाटतं व्हिलेजने घेतलं की टॅक्सचं उत्पन्न बुडालं. आज चर्चकडून टॅक्स येत नाही, उद्या व्हिलेजची मालकी झाली तरी येणार नाही, म्हणजे आजच्या मानाने बुडत काही नाही. हां, डेव्हलपरने घेऊन टाउनहाउस बांधली असती तर टॅक्स आला असता, हे खरं आहे, ते विरोधकांनी नीट मांडलं आणि मला ते मान्य आहे. त्याच्यासमोर नवीन घरांसाठी रस्ते, पाणी, शाळा यांचा खर्चही धरला पाहिजे, पण तो हिशोब कुणीच आणला नव्हता, ना यांनी ना त्यांनी.

पैसे कर्ज काढून उभे करणार, बाँड काढून. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. न्यूयॉर्कमध्ये व्हिलेजने पाच वर्षांच्या वरच्या मुदतीचा बाँड काढायचा ठराव केला की त्यावर लोकांना मतदान मागता येतं, पण ते आपोआप होत नाही, नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत व्हिलेजच्या किमान २० टक्के मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. नाही दिला तर ठराव कायम. मी ग्रीन कार्डवर आहे, मला सही करता येणार नाही, पण तुमच्यापैकी जे सिटिझन आहेत त्यांनी बाजूने असो की विरोधात, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शिवाय राज्याची टॅक्स कॅप आहेच, २०११ च्या कायद्याची, एका वर्षात टॅक्सची एकूण वसुली २ टक्के किंवा महागाईचा दर यातलं जे कमी असेल त्याच्यावर न्यायची तर बोर्डाची ६० टक्के मतं लागतात. कर्जाचे हप्ते त्याच कॅपच्या आत बसवायचे की कॅप मोडायची हा प्रश्न मी विचारला, ट्रेझररने सरळ उत्तर दिलं की पहिली दोन वर्षं आत बसेल, पुढचं छपरावर अवलंबून. असं उत्तर आवडलं मला, गोल गोल बोलला नाही.

हिअरिंग

खोली भरली होती, मागे लोक उभे. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर टायमर. मेयरने शांतपणे चालवलं, कुणाला हिडीसफिडीस केलं नाही, त्याबद्दल श्रेय.

'कम्युनिटी कॅरेक्टर' हा शब्द त्या संध्याकाळी इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडलं. आणि हा नुसता भाषणातला शब्द नाही बरं का. राज्याच्या पर्यावरण आढाव्याच्या कायद्यात, १९७५ च्या, तो रीतसर आहे, जो छोटा फॉर्म भरावा लागतो त्यात चक्क प्रश्न आहे की या कामामुळे सध्याच्या वस्तीचं कॅरेक्टर किंवा दर्जा बिघडेल का. २००७ मध्ये चेस्टनट रिज या व्हिलेजने, ते ज्याच्या हद्दीत येतं त्या रामापो टाउनशी जो खटला लढवला त्यात अपील कोर्टाने मानलं की आपल्या वस्तीचं कॅरेक्टर काय हे ठरवणं हा स्थानिक सरकारचा खास अधिकार आहे. अधिकार मोठा आहे म्हणूनच तो कोण कशासाठी वापरतो याची मला काळजी वाटते.

कारण एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, आपण नाही घेतलं तर उद्या कुठल्यातरी बाहेरच्या धर्माची माणसं घेतील, मग पार्किंगचं काय होईल बघा. बोलताना ते आमच्या रांगेकडे बघत नव्हते, पण आम्ही पाच मराठी आया तिथे एका ओळीत बसलो होतो. व्हिलेजच्या वकील बाईंनी लगेच माइक घेतला आणि सांगितलं की २००० साली केंद्राचा एक कायदा झाला आहे, झोनिंग वापरून एखाद्या धर्माच्या लोकांना अडवता किंवा वेगळं वागवता येत नाही, आणि त्या हेतूने खरेदी होतेय असं रेकॉर्डवर आलं तर गाव कोर्टात अडचणीत येईल. अगदी योग्य केलं. पण मला वाटत राहिलं की त्यांनी सांगितलं ते गाव अडचणीत येईल म्हणून, ते बोलणं चुकीचं आहे म्हणून कुणी तरी बोलायला हवं होतं. मग माझा नंबर आला तेव्हा मी तेच बोलले. म्हटलं, त्या किचनमध्ये एका ड्रॉवरवर आमच्या भाषेत नाव लिहिलेलं आहे आणि ते आम्ही लिहिलेलं नाही, तुमच्या गावातल्या, इथेच जन्मलेल्या बाईंनी लिहिलंय, मला विचाराल तर या गावाचं कॅरेक्टर ते आहे. पुढे एडीएचं सांगायला सुरुवात केली आणि टायमर वाजला. शेवटचं वाक्य पूर्ण करू द्या म्हटलं, नाही म्हणाले. नियम सगळ्यांना सारखाच होता हे मान्य, पण पाच वक्ते घंटेवर आणि चार वक्ते क्रॉसवर बोलले आणि लिफ्टवर कुणीच नाही, तर मग काय ऐकलं बोर्डाने?

क्रॉसचं काय झालं ते पण सांगते. सरकारी इमारतीवर क्रॉस राहू द्यायचा की काढायचा यावर पाऊण तास गेला. मेरीलँडमधल्या ब्लेडन्सबर्गच्या जुन्या युद्धस्मारकाचा मोठा क्रॉस सरकारी जागेवर राहू शकतो असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं, त्याचा आधार काहींनी दिला, काही म्हणाले ते स्मारक होतं, हे वेगळं. शेवटी आजीच उठल्या, त्यांनी तीन मिनिटंही घेतली नाहीत. म्हणाल्या, "क्रॉस आमचा आहे, आम्ही जाताना घेऊन जाऊ. तुम्ही बॉयलरचं बघा."

खोलीत एकदम शांतता झाली.

विकत घेऊन करायचं काय

बोर्डाचं सध्याचं उत्तर "आधी वाचवू, मग ठरवू" असं आहे आणि मला हे सगळ्यात जास्त खटकतं. इमारत वाचली म्हणजे सगळं वाचलं असं होत नाही. मॅनहॅटनमध्ये रिचर्ड अपजॉनने बांधलेलं होली कम्युनियनचं चर्च आहे, १८४० च्या दशकातलं, १९८३ मध्ये तिथे लाइमलाइट नावाचा नाइटक्लब निघाला, नंतर दुकानं आली, मग जिम. बाहेरचे दगड अजून जागच्या जागी आहेत, फोटोत अजूनही चर्चच दिसतं. दुसरीकडे बफेलोत पडायला आलेलं जुनं मेथडिस्ट चर्च आनी डिफ्रँको या गायिकेने आणि तिच्या मॅनेजरने घेऊन नीट केलं, आज तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात, कलादालन आहे. आमच्यापासून जवळचं म्हणजे नायॅक, तिथे जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चचं कम्युनिटी सेंटर झालंय, मुलांचे आफ्टरस्कूल वर्ग चालतात. फरक कशात आहे बघा, आत कोण येणार हे कुणी ठरवलं त्यात.

म्हणून माझी बोर्डाकडे मागणी सरळ आहे. बाँडच्या ठरावातच लिहा की बेसमेंट आज जे वापरतात त्यांना आधी जागा, भाडं नाममात्र. हिरवळ रीतसर पार्क म्हणून जाहीर करा, कारण न्यूयॉर्कमध्ये एकदा जागा पार्क म्हणून दिली की राज्याच्या विधिमंडळाच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही, न्यूयॉर्क शहरातल्या व्हॅन कोर्टलँड पार्कच्या २००१ च्या निकालात तर जमिनीखाली पाणी शुद्धीकरणाचा प्लांट बांधायलाही ती परवानगी लागेल असं ठरलं. उद्या नवीन मेयर येऊन अर्धी हिरवळ पार्किंगला विकायला काढेल ही भीती मग राहत नाही. आणि इमारत ऐतिहासिक यादीत घालायचा अर्ज आत्ताच सुरू करा, त्याने पाडायचं थांबत नाही हे खरं, नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे देशाच्या ऐतिहासिक जागांच्या यादीत नाव आलं म्हणून मालकाचे हात बांधले जात नाहीत, पण राज्याच्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन फंडातून दुरुस्तीचं अनुदान मागायचं तर यादीत नाव लागतं. छप्पर त्यातून निघालं तर लिफ्टसाठी आपले पैसे उरतील.

घ्यावं का, तर माझं उत्तर हो, घ्यावं. पण आजच्या रिपोर्टवर नाही. रिपोर्ट परत करा, या वेळी एका गुरुवारी संध्याकाळी पँट्रीच्या रांगेत उभं राहून करा, आणि लोकांना वाचायला निदान एक आठवडा द्या. हे झालं तर मी स्वतः येऊन हा रिव्ह्यू बदलेन आणि पाच स्टार देईन.

दुसरा वॉकथ्रू पुढच्या शनिवारी आहे, नाव नोंदवायला व्हिलेज क्लार्ककडे फोन करा, ऑनलाइन फॉर्म चालत नाहीये. या वेळी बेसमेंट दाखवणार असं क्लार्कने मला सांगितलंय, आजी स्वतः खाली थांबणार आहेत. पुढच्या दाराने गेलात तर आधी शिखर आणि घंटा यातच वेळ जाईल, त्यामुळे मागच्या दाराने या, जिथे रात्री दिवा चालू असतो तिथून. चौदा पायऱ्या आहेत, शेवटची बाकीच्यांपेक्षा जरा उंच आहे, कठडा डाव्या हाताला.